लोखंडी पेटीचा आवाज



जमिनीत पुरलेल्या मोठ्या लोखंडी पेटीवरून धातुशोधक यंत्र फिरवले, तर ते खणखणीत वाजते. परंतु वर्दी देते ती लोखंडाची, आतल्या सोन्याची नव्हे.

यंत्राच्या वेटोळ्यातून सतत दिशा पालटणारा विद्युत्प्रवाह वाहतो, त्याचे चुंबकीय क्षेत्र भूमीत शिरते, आणि तेथे धातू असल्यास त्यात क्षीण प्रवाह उत्पन्न होऊन त्यांचा प्रतिसाद वेटोळ्यापर्यंत परततो.

पेटीचा जाड पत्रा हे क्षेत्र स्वतःकडेच ओढून घेतो.
आतला ऐवज झाकलेलाच राहतो.

मौज अशी, की लोखंड वगळण्याची योजना केली असता बारीक खिळे गप्प बसतात, पण रुंद पत्रा कित्येकदा यंत्राला फसवून मौल्यवान धातूचा सूर काढतो!

१८८१ साली ग्रॅहॅम बेल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या देहातील गोळी अशाच यंत्राने शोधू पाहिली; ती सापडली नाही, आणि बिछान्यातील धातूच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला, असे मानतात.

तेव्हा पुन्हा सांगतो : आवाज पेटीचा, ऐवजाचा नव्हे.

आणि दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ऐवज खरोखरच हाती लागला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये कलेक्टरसाहेबांना लेखी खबर अवश्य द्यावी.