सर्व काही अंतर्भूत

सरकारी नोकरीत माणसाला एक सवय जडते. कोणताही कागद हाती आला की त्याची दृष्टी मजकुरावर न ठरता तळाच्या बारीक अक्षरांकडे जाते. मे महिन्याच्या सुटीत सहकुटुंब एखाद्या उष्ण प्रदेशातील बेटावर जावे असा बेत आमच्या घरी ठरला आणि रिसॉर्टांची माहितीपत्रके टेबलावर येऊन पडली, तेव्हा या सवयीचा घरच्या कामी प्रथमच उपयोग झाला. बहुतेक पत्रकांवर एकच आश्वासन ठळकपणे छापलेले होते : ‘सर्व काही अंतर्भूत’. माझ्या आईने चष्मा सावरून ते वाचले आणि विचारले, ‘‘सर्व म्हणजे कुणाचं रे सर्व?’’

प्रश्न मार्मिक होता. १९५० साली जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावर सुटीसाठी तंबूंची एक वसाहत उभारली. राहणे, जेवण, खेळ या सर्वांचे पैसे एकदाच भरावयाचे आणि मग पाकीट विसरावयाचे, अशी ती योजना. युद्धाने शिणलेल्या लोकांना ती न आवडती तरच नवल. ती पद्धत पुढे देशोदेशी पसरली. परंतु ‘सर्व’ या शब्दात काय काय मोडते, हे ठरविणारा बहुधा विकणाराच असतो.

प्रथम आम्ही मालदीवचा विचार केला. तेथे पहिले रिसॉर्ट १९७२ साली उघडले, आणि एका बेटावर एकच रिसॉर्ट ही तेथील सर्वसाधारण पद्धत आहे. बाहेर बाजार नाही, खाणावळ नाही. तेव्हा सर्व काही अंतर्भूत असण्यास तेथे खरा अर्थ आहे. तथापि विमानतळापासून बेटापर्यंतचा प्रवास पुष्कळदा त्या ‘सर्वा’त नसतो. दूरच्या बेटांवर पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानाने जावे लागते, आणि ते दिवसाउजेडीच उडते. आपण संध्याकाळी पोहोचलो तर ती रात्र पदरच्या खर्चाने काढणे आले. शिवाय जानेवारी २०२५ पासून तेथील रिसॉर्टांत दर माणशी दर रात्री १२ डॉलर पर्यावरण-कर आहे. आम्ही पाच जण; पाच रात्रींचे ३०० डॉलर झाले. आणि मे महिन्यात तेथे नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात. पाऊस पाहण्यासाठी आपण कोकण सोडून इतक्या दूर का जावे?

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर आहे. मे महिन्यात तेथील उन्हाळा आणि वादळांचा काळ ओसरू लागलेला असतो. आग्नेयीचे वारे पूर्व किनाऱ्यावर जोराने येतात, म्हणून आम्ही पश्चिमेचा फ्लिक-आं-फ्लाक हा किनारा निवडला. बेटाभोवती प्रवाळाची रांग असल्यामुळे आतील पाणी उथळ आणि शांत. मुलांच्या दृष्टीने ते उत्तमच.

राहिला दराचा प्रश्न. ‘सर्व काही अंतर्भूत’ दरात मद्याचाही वाटा असतो. आमच्याकडे ते कोणी घेत नाही. आई तर एकादशी सांभाळणारी. न उचललेल्या पेल्यांचे पैसे का द्यावेत? मी हिशेब मांडला आणि न्याहरी व रात्रीचे जेवण एवढेच अंतर्भूत असलेला दर पसंत केला. पत्नी काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘चालेल. पण दुपारी काय करायचं, हे तेवढे दिवस मला कुणी विचारू नका.’’

मी ओशाळलो. गेली अठरा वर्षे घरातील प्रत्येक जण तिला हाच प्रश्न विचारीत आला होता, आणि माझ्या हिशेबात त्याला रकानाच नव्हता. दुपारच्या जेवणाची सारी चौकशी मी माझ्याकडे घेतली.

त्या चौकशीनेच आम्हांला रिसॉर्टच्या फाटकाबाहेर काढले. राजधानी पोर्ट लुई येथे रस्त्यावर दाल-पुरी मिळते. भरडलेल्या पिवळ्या वाटाण्याची डाळ भरलेली ती मऊ पोळी खाऊन आई म्हणाली, ‘‘गूळ विसरलेली पुरणपोळीच की रे ही!’’

तेथून जवळच बंदरात आप्रवासी घाट आहे. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख करारबद्ध मजूर, बहुतेक भारतातून, या बेटावर आले. २००६ साली हा घाट जागतिक वारसा म्हणून घोषित झाला. त्या मजुरांत आमच्या रत्नागिरीकडील माणसेही होती. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवितात, आणि गणेशचतुर्थीस तेथे सार्वजनिक सुटी असते. त्या मजुरांच्या करारातही प्रवास, निवारा, तांदूळ, डाळ, मीठ आणि कपडे अंतर्भूत होते. एका दिवसाच्या गैरहजेरीस दोन दिवसांची मजुरी कापली जाई, हे मात्र अंगठा उठविताना किती जणांना उमगले असेल? आई त्या दगडी पायऱ्यांपाशी बराच वेळ उभी राहिली. मुलेही बोलली नाहीत.

श्रोतेहो, अशा सुटीचे स्थान शोधताना प्रवासखर्च, कर, मुलांची वयोमर्यादा आणि शाकाहाराची सोय यांची उत्तरे लेखी घ्यावीत, हे तर खरेच. पण त्याआधी घरातील प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा : तुला सुटी कशापासून हवी आहे? आमच्या घरी त्याचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात नव्हते. आता रविवारी दुपारी काय करावयाचे, हे मी ठरवितो. आणि बहुधा पिठले करतो.