एक दिवस आपल्या हर्नडनला



आई-बाबा भारतातून आले, की आपण त्यांना न्यूयॉर्क, नायगारा, डिस्ने करत अगदी दमवून टाकतो. माझं एवढंच म्हणणं आहे, की त्यातला एक दिवस आपल्या हर्नडनला द्या.

सुरुवात जुन्या रेल्वे स्टेशनापासून करा. १८५७ सालची ही इमारत आता छोटंसं संग्रहालय आहे. जवळच लाल रंगाचा गार्डाचा डबा उभा आहे. नातवंडं तिथून हलणार नाहीत! रेल्वे १९६८ मध्ये बंद पडली आणि रुळांच्या जागी ४५ मैलांची पायवाट झाली. रेल्वेचाच मार्ग, त्यामुळे मोठे चढ नाहीत. बाबांच्या गुडघ्यांनाही चालेल.

वाटेत गावाच्या नावाची गोष्ट सांगा. कॅप्टन विल्यम हर्नडनचं ‘सेंट्रल अमेरिका’ जहाज १८५७ मध्ये वादळात सापडलं. त्याने बायका-मुलांना होड्यांतून सुखरूप पाठवलं आणि स्वतः जहाजाबरोबर बुडाला. पत्त्यात आपण रोज लिहितो ते हे नाव, बरं का!

नायगारा भव्य आहेच. पण आपला मुलगा, आपली मुलगी राहते ते गाव कसं आहे, हे आई-बाबांना सावकाश चालत बघायचं असतं.