पंख्याचा आवाज आणि आजीची हाक

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय आहे घरी जोडलेल्या कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज. म्हणाल, यावर काय अख्खा भाग करायचा? पण गेल्या वर्षी या आवाजापायी आमच्या घरात एक प्रसंग घडला. तो आधी सांगतो, मग उपायांकडे येतो.

मी सध्या गणपतीपुळ्याच्या घरून काम करतो. जांभ्याचं जुनं घर आहे, समुद्र जवळ. पडवीला लागून असलेल्या खोलीत माझं टेबल. मशीन मीच जोडलेलं: रायझेन ५ ३६०० आणि त्याच्याच खोक्यात आलेला छोटा कूलर. पुण्यात होतो तोवर त्याचा आवाज कधी जाणवला नाही, कारण खिडकीखाली रहदारीचा रस्ता. इथे रात्री नऊनंतर गाज सोडली तर काही ऐकू येत नाही. त्यात हा पंखा. एका सुरात वाजला असता तर सवय झाली असती. पण हा चढायचा, उतरायचा, परत चढायचा. आजी म्हणाली, "त्या पेटीत भुंगा कोंडलायस काय रे?" तिची झोप मोडू नये म्हणून मी दार लावायला लागलो. आणि मला स्वतःला नको व्हायचं म्हणून कानावर हेडफोन.

सप्टेंबरमधली, पाऊस उघडलेली रात्र. आजी न्हाणीघराकडे जाताना पडवीच्या ओल्या पायरीवर घसरली. घोटा मुरगळला, उठता येईना. तिने हाका मारल्या. मी आत, दार बंद, हेडफोन चढवलेले. पाणी प्यायला बाहेर आलो तेव्हा ती पायरीवरच बसलेली होती. "किती हाका मारल्या रे," एवढंच म्हणाली. हाड मोडलं नव्हतं, हे नशीब. पण तिच्या आणि माझ्या मध्ये दार होतं, हेडफोन होते, आणि दोन्ही त्या पंख्यामुळे होते.

तर दुसऱ्या दिवशी मशीन उघडलं. आणि पहिली चूक केली. पंखा किरकिरतोय म्हणजे तेल हवं, असं मानून आजीच्या बाटलीतलं खोबरेल त्याच्या बेअरिंगमध्ये सोडलं. आठवडाभर मस्त चाललं! मग जास्तच किरकिरायला लागलं. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांना थिजतं, आणि काही काळाने चिकटही होतं. तात्पुरतं करायचंच असेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल, तेही एकच थेंब. खरं तर घासलेलं बेअरिंग तेलाने बरं होत नाही, पंखा बदलावा लागतो.

आता नीट क्रमाने सांगतो.

पहिलं काम, आवाज कुठला ते शोधा. मशीनमध्ये तीन-चार पंखे असतात: प्रोसेसरचा, कॅबिनेटचे, पॉवर सप्लायचा, ग्राफिक्स कार्डचा. कागदाची सुरळी करून कानाला लावा आणि एकेकाजवळ न्या. हसू नका, छान चालतं. आवाज कोणत्या प्रकारचा तेही ऐका. किरकिर असेल तर बेअरिंग, घरघर असेल तर सैल स्क्रू किंवा कंप पावणारा पत्रा, नुसती वाऱ्याची सूं असेल तर वेग. माझ्याकडे बेअरिंगची किरकिर होतीच, पण मुख्य त्रास वेगाचा होता.

दुसरं, वेग का बदलतो ते समजून घ्या. आजच्या प्रोसेसरचा एखादा कोअर क्षणात जोर लावतो. नवीन टॅब उघडला तरी तापमान सेकंदाभरात दहा-पंधरा अंश उडी मारतं आणि लगेच खाली येतं. मदरबोर्ड ती उडी बघतो आणि पंखा पळवतो. गंमत अशी, की तेवढ्या वेळात कूलरचं धातूचं अंग तापलेलंच नसतं. मग पंखा कोणाला गार करतोय? कोणालाच नाही. नुसता आवाज.

उपाय फुकटात आहे. बायॉसमध्ये जा, पंख्याचा आलेख उघडा. मी असा ठेवला: ६० अंशांपर्यंत ३५ टक्के, ७५ ला ६० टक्के, ८५ ला पूर्ण. आणि त्याच पानावर वेग बदलायला किती वेळ थांबायचं याची सेटिंग असते, ती वाढवली. तुमच्या बोर्डात नाव वेगळं असेल, पण बहुतेकांत असते. चार पिनांचा पंखा असेल तर हे सरळ जमतं. तीन पिनांचा असेल तर नियंत्रण व्होल्टेजवर, म्हणजे डीसी मोडवर ठेवा, नाहीतर तो कायम पूर्ण वेगाने पळेल. एवढ्यावर माझा अर्ध्याहून जास्त त्रास गेला.

इथे एक सावधगिरी. परदेशी व्हिडिओतला आलेख जसाच्या तसा उचलू नका. त्यांची खोली २०-२२ अंशांची, आमची मे महिन्यात ३२-३३. खोली जितके अंश गरम, प्रोसेसर साधारण तितकेच अंश गरम. त्यांचं ५० म्हणजे आमचं ६०. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे, त्यामुळे कामाच्या वेळी ७५ दिसलं तर घाबरू नका.

तिसरं, वेग कमी केला तर किती फरक पडतो? पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा वाटतो. म्हणून छोटा पंखा जोरात पळवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवणं फायद्याचं. मी शेवटी १२० मिलिमीटर पंख्याचा उभा कूलर घेतला, तो याच हिशोबाने. पण तो शेवटी. आधी फुकटचं करा.

चौथं, साफसफाई, आणि ही आम्हा किनाऱ्यावरच्यांची खास डोकेदुखी. इथल्या वाऱ्यात मीठ असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं. पावसाळ्यात ती कायमच वर असते. मग धूळ आणि मीठ मिळून कूलरच्या पात्यांवर चिकट थर बसतो, जो फुंकरीने जात नाही. कोरडा ब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. ब्लोअर वापरलात तर पंखा बोटाने धरून ठेवा, भरकन फिरू देऊ नका. मशीन समुद्राकडच्या खिडकीसमोरून आणि जमिनीवरून हलवा. आणि पावसाळ्यात आठवडाभर बंद ठेवू नका, रोज तासभर चालू राहिलं तर आतून कोरडं राहतं.

कूलर काढताना एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. पेस्ट सुकलेली असेल तर कूलर ओढताना प्रोसेसरही उपटून येतो. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, कूलर हलकेच डावीउजवीकडे फिरवा, मग उचला. जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा.

पाचवं, उष्णताच कमी करा. ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा हा प्रोसेसर भाराखाली ८८ वॅटपर्यंत घेतो. बायॉसमध्ये त्याला इको मोडवर टाकला. माझा सहा मिनिटांचा बिल्ड साडेसहा मिनिटांचा झाला. त्या अर्ध्या मिनिटात मी असंही फोनच बघत होतो.

तर मंडळी, क्रम असा: ऐका, आलेख बदला, साफ करा, वॅट कमी करा आणि मग खरेदी. मी उलटा निघालो होतो, आधी तेल.

आता रात्री दार उघडं असतं, हेडफोन खुंटीला. पायरीवर रबरी चटई टाकलीय आणि एक दिवा लावलाय, ते तर खरं आधीच करायला हवं होतं. परवा रात्री माजघरातून आवाज आला, "अरे, झोप आता!" पहिल्याच हाकेला ऐकू आलं. मशीन बंद केलं.

तुमच्याकडे काय वाजतंय, ते कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.