सवय नव्हे, निवड



यवतमाळच्या काळ्या मातीत आपणां सर्वांचं मनःपूर्वक स्वागत! स्वागताध्यक्षानं थोडक्यात बोलावं आणि जेवणाची वेळ सांगावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. पण परिषदेला ‘नैसर्गिक निवड’ हा विषय ठेवून स्वागताचा मान आपण एका कापूसवाल्याला दिलात. म्हणून चार शब्द पऱ्हाटीतले.

2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत आलं. बोंडअळीनं पान-बोंड खाल्लं की ती मरायची. 2006 मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. काही वर्षं बोंडं स्वच्छ निघाली. मग गुजरातेतून गुलाबी बोंडअळीच्या बातम्या येऊ लागल्या, आणि 2017 च्या हंगामात आमच्याच शेतात डोमकळ्या, म्हणजे अळीनं मिटवलेली फुलं, दिसल्या, बोंडं किडली, वेचणीत कवडी निघाली. पारावर सगळे म्हणाले, “अळीला बीटीची सवय झाली.” मीही म्हणालो.

हे चुकीचं होतं. सवय कुठल्याच अळीला झाली नव्हती. विष पोटात गेलं की अळी एक तर मरते, नाही तर जगते. शिकायला तिला सवड कुठली? लाखो अळ्यांत मोजक्या अशा होत्या, ज्यांच्या जनुकात जन्मतःच थोडा फरक होता. बीटी नसताना त्या फरकाला काडीचा भाव नव्हता. बीटी आलं, बाकीच्या मेल्या, या उरल्या. त्यांनी अंडी घातली, फरक पिल्लांत उतरला. साधारण महिन्याला एक पिढी. पिढीगणिक त्यांचा वाटा वाढत गेला. एकही अळी बदलली नाही, अळ्यांची जमात बदलली.

वेगळेपण, वारसा आणि जगण्या-वाढण्यातला फरक: डार्विननं 1859 साली मांडलेल्या विचाराचा गाभा या तीन गोष्टींत आहे. त्यानं आपल्या ग्रंथाची सुरुवात कबुतरं पाळणाऱ्यांपासून केली, म्हणजे माणूस हातानं करतो त्या निवडीपासून. आम्ही बियाण्याची निवड करतो, हे आम्हांला ठाऊक होतं. अळीचीही करतो आहोत, हे नव्हतं.

बियाण्याच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटी सरकीची पुडी यायची. बीटीभोवती तिच्या ओळी लावा, असं सांगितलं जायचं. अळ्या पोसायला जागा कशाला द्यायची, म्हणून मी ती पुडी घरात टाकून द्यायचो. तिचं मर्म उशिरा कळलं. त्या ओळींत साध्या अळ्या जगतात. बीटीतून वाचलेल्या विरळ पतंगाला जोडीदार साधा मिळतो आणि त्यांची पिल्लं बीटीवर मरतात, कारण तगण्याचा गुण आई-बाप दोघांकडून यावा लागतो. त्यातच पाणी असलेल्यांनी हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवून फरदड घेतली, म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत पंगत! अमेरिकेतल्या ॲरिझोनात शेतकऱ्यांनी नॉन-बीटीचं क्षेत्र इमानानं राखलं. तिथं अळी बीटीला वर्षानुवर्षं बळी पडत राहिली. पुढं वांझ पतंग सोडण्याची जोड मिळाली आणि 2018 मध्ये अमेरिकेनं आपल्या कापूसपट्ट्यातून ती हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. तत्त्व एकच, आम्ही त्याच्याविरुद्ध गेलो, त्यांनी त्याला कामाला लावलं.

विद्यार्थी मित्रहो, उद्या सकाळी शिवारफेरी आहे. बोंड फोडून पाहा. आत अळी सापडली तर ती शूर किंवा हुशार म्हणून वाचलेली नाही, हे ध्यानात ठेवा. आणि फेरीत कुणी “सवय झाली” म्हणालं, तर त्याला तिथंच थांबवा. जुनी जीभ आहे, कदाचित तो मीच असेन.

व्यवस्थेत उणं राहिलं असेल ते पोटात घाला. जेवण एक वाजता आहे.