उत्तर आलं, पडताळा घेतला का?



संयोजकांनी प्रत्येकाला आपापल्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. डॉक्टर, वकील, शेतकरी यांचं काम सगळ्यांना ठाऊक असतं. माझं सांगावं लागतं. मी मोठ्या संस्थांचा डेटा एका स्टोरेज यंत्रणेतून दुसरीत हलवते. ऑफिसात आम्ही त्याला मायग्रेशन म्हणतो.

बँक किंवा हॉस्पिटलचा डेटा एखाद्या साध्या कॉम्प्युटरमध्ये नसतो. फ्रिजएवढ्या कपाटात डिस्कच्या ओळी लावलेल्या असतात, त्याला स्टोरेज ॲरे म्हणतात. त्यातली एक डिस्क बिघडली तरी डेटा जात नाही, कारण उरलेल्या डिस्कवरून तो पुन्हा तयार करता येतो. पण कपाटालाही वय असतं. काही वर्षांनी कंपनी त्याची देखभाल थांबवते, सुटे भाग मिळेनासे होतात. मग नवं कपाट येतं आणि जुन्यातलं सगळं त्यात न्यावं लागतं.

तुम्ही म्हणाल, कॉपी-पेस्टच ना? एका हॉस्पिटलचं उदाहरण सांगते. तिथे साठ टेराबाइट डेटा होता आणि जोडणी सेकंदाला ८०० मेगाबाइट नेणारी. गणित मांडलं तर ७५ हजार सेकंद, म्हणजे जवळपास २१ तास. पण पूर्ण वेगाने कॉपी केली तर खाली डॉक्टरांच्या स्क्रीनवर एक्स-रे उघडायला वेळ लागणार. म्हणून वेग पाव ठेवला, आणि २१ तासांचे साडेतीन दिवस झाले. त्या साडेतीन दिवसांतही नवे पेशंट, नवे रिपोर्ट येतच होते. म्हणून आधी सगळं नेलं, मग त्या काळात बदललेलं तेवढं, मग पुन्हा बदललेलं तेवढं. फरक कमी कमी होत जातो. अगदी थोडा उरला की एका रात्री काम थांबवून तो शेवटचा भाग न्यायचा आणि सगळे सर्व्हर नव्या कपाटाला जोडायचे.

कॉपी करण्याआधी यादी करायची असते, आणि माझ्या मते तेच सगळ्यात कष्टाचं काम. कोणता सर्व्हर कोणता डेटा वापरतो, हे कागदावर एक असतं आणि प्रत्यक्षात दुसरं. या हॉस्पिटलच्या यादीत २३ सर्व्हर होते. आम्ही जुन्या कपाटावर आठवडाभर लक्ष ठेवलं, तर २४ जण त्यावर लिहीत होते. चोविसावा कोणाचा, हे आयटी विभागात कोणालाच सांगता येईना. शेवटी लॅबमधल्या एका जुन्या तंत्रज्ञ बाईंनी सांगितलं, "अहो, तो आमचा बायोप्सीचा." तो सर्व्हर राहिला असता, तर जुनं कपाट पुसलं त्या दिवशी कित्येकांचे बायोप्सीचे रिपोर्ट गेले असते.

बदलीची रात्र शनिवारची ठरली, ११ ते ५. आम्ही आधीच लिहून ठेवलं होतं, ३ वाजेपर्यंत सगळ्या चाचण्या पास झाल्या नाहीत तर मागे फिरायचं. कारण सकाळी लोक कामाला लागले, नव्या कपाटावर नव्या नोंदी पडू लागल्या, की मागे फिरणं फार अवघड होतं. त्या नोंदी उलट दिशेने न्याव्या लागतात.

अडीच वाजता फाइली जुळल्या होत्या. प्रत्येक फाइलचा चेकसम नावाचा आकडा दोन्हीकडे काढून ताडतो, तो जुळला होता. पण एका सर्व्हरवर तीन सेकंदांत उघडणारा एक्स-रे चाळीस सेकंद घेत होता. व्यवस्थापकांचं म्हणणं, "डेटा आलाय ना मॅडम? बाकीचं सोमवारी बघू." मी म्हटलं, अपघात विभागाला सोमवार नसतो. ३ वाजता आम्ही मागे फिरलो, चारला हॉस्पिटल जुन्या कपाटावर सुरळीत चालू होतं. कारण नंतर सापडलं. त्या सर्व्हरच्या सेटिंग जुन्या कपाटासाठी केलेल्या होत्या, त्यामुळे डेटा लांबच्या वाटेने येत होता. पुढच्या शनिवारी काम पूर्ण झालं.

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचं प्रकरण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. एप्रिल २०१८ मध्ये तिने सुमारे ५२ लाख ग्राहकांची माहिती नव्या यंत्रणेत हलवली. ती बदली आमच्यापेक्षा कितीतरी मोठी. डेटा नीट पोहोचला, पण नवी यंत्रणा लगेच कोलमडली. १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपलं खातं उघडता येईना. सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड ठोठावला.

गणिताच्या तासाला उत्तर बरोबर आलं तरी पडताळा लिहायला लागायचा, आणि आपण कुरकुरायचो. माझा पगार आज त्या पडताळ्याचाच आहे.

आता थोडं आपल्या शाळेबद्दल. शाळेची जुनी जनरल रजिस्टरं स्कॅन करायची, असा विचार आज पुढे आला आहे. जन्मतारखेच्या, जातीच्या दाखल्यासाठी आजही लोक त्या पानांपर्यंत येतात. त्या कामात मी हात लावीन, पण माझ्या तीन अटी आहेत. आधी सगळ्या रजिस्टरांची यादी, तीही कपाटं उघडून आणि जुन्या शिपाईकाकांना विचारून. मग स्कॅनच्या दोन प्रती, त्यातली एक शाळेबाहेर. आणि प्रत्येक पान दुसऱ्या माणसाने मूळ पानाशी ताडून पाहायचं. स्कॅन झालं म्हणून एकही रजिस्टर रद्दीत जाता कामा नये.

दर महिन्याला एक रविवार देणारे दहा जण हवेत. नावं आज जेवणाआधी माझ्याकडे द्या.