कंसातली ‘इमेज’



इंजिनिअरिंगला असताना मी पहिलं इंटरनेट पाहिलं ते काळ्या पडद्यावर, लिंक्स नावाच्या ब्राउझरमध्ये. बाणाच्या कळा दाबत नुसतं वाचायचं. चित्राच्या जागी पान लिहिणाऱ्याने दिलेलं वर्णन दिसे; दिलेलं नसलं, तर कंसात ‘इमेज’. मोझॅकने १९९३ मध्येच मजकुरात चित्रं आणली होती, आमच्या लॅबमध्ये ती उशिरा पोचली. मग लिंक्सकडे कोण बघतंय!

परवा आपल्या भूमितीच्या सरांना भेटले. त्यांची दृष्टी गेली आहे. फोन मजकूर वाचून दाखवतो. आपल्या ग्रुपवर फोटो आला की मात्र नुसतं ‘इमेज’. सर हसून म्हणाले, “अगं, हजेरी तरी घ्या!”

आजच्या फोटोखाली मी नावं लिहिणार आहे, डावीकडून. मागच्या रांगेतल्यांनी नंतर मला भेटा, सगळे ओळखू येत नाहीत.