कर्ज देणाऱ्यास जाब विचारण्याचा हक्क



शाश्वत विकासासाठी आंतरराष्ट्रीय संस्था बळकट कराव्यात, असे सर्वत्र म्हटले जाते. परंतु संस्थेचे बळ तिच्या तिजोरीवरून ठरवावयाचे की तिला जाब विचारण्याच्या जनतेच्या अधिकारावरून?

१९९२ साली मोर्स समितीने सरदार सरोवराच्या पुनर्वसनातील गंभीर त्रुटी दाखविल्या. १९९३ साली जागतिक बँकेचे उरलेले कर्ज रद्द झाले आणि त्याच वर्षी बँकेला स्वतंत्र तपासणी मंडळ स्थापावे लागले. ही वॉशिंग्टनची कृपा नव्हे. मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांनी दिलेल्या लढ्याचे ते फळ आहे.

मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात घरे व दुकाने हटविली जाऊ लागली, तेव्हा २००४ साली बाधितांच्या संघटनांनी याच मंडळाचे दार ठोठावले. त्यांत आपल्या जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याचे बाधितही होते. मंडळाचा अहवाल त्यांच्या बाजूने बोलला. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाचा निधी रोखला; बहुतेक अटींची पूर्तता झाल्यावर जूनमध्ये तो पुन्हा सुरू केला.

तथापि हे मंडळ बँकेने स्वतःचे नियम पाळले की नाही, एवढेच तपासते. राज्य सरकारला ते आदेश देऊ शकत नाही. म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी : मंडळाचे निष्कर्ष बंधनकारक करा, प्रकल्पाची कागदपत्रे बाधितांच्या भाषेत द्या आणि घर पाडण्यापूर्वी सुनावणी घ्या. तोवर प्रत्येक वस्तीत कर्जाच्या अटी समजावून सांगणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे.